दोन पंख, दुप्पट हौस

रिमोटवरचं कसरतीचं बायप्लेन घ्यायचं ठरलं की हौशी माणूस फिरून फिरून पिट्स स्पेशलपाशीच येतो. कर्टिस पिट्स या अमेरिकन माणसाचं हे चिमुकलं विमान 1944 मध्ये पहिल्यांदा उडालं. वैमानिक बेट्टी स्केल्टन यांनी गाजवलेलं 'लिटल स्टिंकर' हे पिट्स आज स्मिथसोनियन संग्रहालयात उलटं टांगलेलं आहे. मॉडेल घेणाऱ्याच्या पाकिटाचीही पुढे तीच गत होते.

विमान पसंत करणं सोपं, खरी साडेसाती सामानाची. इथे एकेका ग्रॅमवर खल चालतो. कार्बन फायबरचं लँडिंग गिअर हवं, सर्व्हो हलके हवेत, सहा सेलची 22.2 व्होल्टची लायपो बॅटरीही त्यातल्या त्यात सडपातळ हवी. हलकेपणाचे पैसे जड असतात, पण हौसेला मोल नाही. एवढं करून गुरुत्वमध्य तपासावा, तर शेपूट खाली! पिट्सचं नाकच आखूड. बॅटरी जाईल तेवढी पुढे सरकवून झाली की साहेब मुकाट्याने नाकात शिशाचे तुकडे चिकटवतात. वाचवलेले ग्रॅम असे सव्याज परत.

मैदानावर दोन्ही पंख जोडताना एक स्क्रू गवतात पडतोच. दोन पंखांमुळे हवेचा अडथळाही मोठा, त्यामुळे थ्रॉटल पुरता बंद केला की विमान धोंड्यासारखं खाली येतं. टेकलंच नीट, तर जवळजवळ बसवलेल्या चाकांवर गर्रकन गिरकी घेतं.

शिकाऊंनी आधी वरच्या पंखाचा साधा ट्रेनर घ्यावा. तरीही पिट्सच हवं असेल, तर जादा प्रोपेलर त्याच ऑर्डरमध्ये मागवा.