श्रीयुत १८०९ यांस अनावृत पत्र

श्रीयुत १८०९,
मुक्काम विंडोज १०



आपली विस्मृती झाली असेल अशा समजुतीत राहू नका. नाव वाचून कुणाला पेशवाईतलं एखादं साल वाटेल, पण आपण विंडोज १०ची एक आवृत्ती, पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन महिन्याचे, हे आम्हाला पाठ आहे. २०१८, महिना नववा. सप्टेंबरचं नाव लावून आपण अवतरलात २ ऑक्टोबरला. एवढं इकडेतिकडे व्हायचंच. आपल्याकडे तेव्हा पितृपक्ष चालू होता. लोक गेलेल्यांच्या नावानं पान वाढत होते आणि आपण संगणकांत शिरून, हयात असलेल्या फोल्डरांचे दिवस घालून मोकळे झालात.

ज्यांना हे कर्तृत्व ठाऊक नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगतो. डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप ही मंडळी मुळात राहतात सी ड्राइव्हवर. आता आपल्याकडे संगणक दुरुस्त करायला येणारा पोरगा पहिला उपदेश काय करतो? ‘‘साहेब, सीवर काही ठेवू नका. उद्या फॉरमॅट मारावा लागला तर सगळं जाईल. डेटा डीला टाका.’’ एक्सपीच्या जमान्यापासून चालत आलेला हा गुरुमंत्र आहे आणि तो खोटा नाही. कोरी विंडोज टाकायची तर सी पुसतात, डीला हात लावत नाहीत. आवृत्त्या येतात-जातात, डी राहतो.

तेव्हा शहाणा माणूस काय करतो? डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशनचा टॅब, तिथे डीवरचा नवा पत्ता. ओके दाबलं की एक चौकट पुढे येते: जुन्या ठिकाणच्या सगळ्या फायली नव्या ठिकाणी हलवायच्या का? इथे भलेभले थबकतात. अर्ध्यात लाइट गेली तर? डीवर जागा कमी पडली तर? बोट आपसूक ‘नाही’कडे जातं. जुन्या राहू देत तिथेच, नव्या इकडे साठतील. झालं! डॉक्युमेंट्स नावाची पाटी डीवर लागली आणि निम्मं बिऱ्हाड सीवरच्या जुन्या जागेत राहिलं. विंडोजनंच विचारलेल्या प्रश्नाला विंडोजनंच दिलेलं उत्तर होतं ते. यात गुन्हा कुठला?

पण आपल्याला कामगिरी नेमून दिलेली होती. आपले थोरले बंधू, एप्रिल २०१८चे १८०३, अशाच संगणकांवर त्याच नावांचे जास्तीचे रिकामे फोल्डर काढून गेले होते. लोक कुरकुरले. ते रिकामे फोल्डर आवरायचं काम आपल्याकडे आलं, आणि आपण जे आवरलंत ते भरलेलं निघालं. जुनी जागा, तिच्यातल्या मजकुरासकट, साफ. डीवरचा नवा फोल्डर मात्र जागच्या जागी, म्हणजे वरवर पाहणाऱ्याला सगळं आलबेल. रीसायकल बिन उघडावी तर तिथेही काही नाही. मागच्या आवृत्तीवर परतायची सोय होती. लोक परतले, फायली परतल्या नाहीत. सावधगिरी म्हणून डीची वाट धरणाराच नेमका आपल्या तावडीत सापडला. ज्यानं आयुष्यात डॉक्युमेंट्सचा पत्ता बदलला नाही, त्याच्या केसालाही धक्का नाही. आपल्या न्यायबुद्धीला दंडवत.

आठवडा उलटायच्या आत मायक्रोसॉफ्टनं आपल्याला माघारी बोलावलं आणि खुलासाही केला. आपलं आगमन झालेल्या संगणकांपैकी एका टक्क्याच्या शंभराव्या हिश्शातूनच अशी तक्रार आली म्हणे. दहा हजारांत एक. हिशेब बरोबर असेल, पण तो तक्रारींचा. जुन्या जागेत काय-काय राहिलं होतं हेच ज्याच्या ध्यानात नाही, त्यानं तक्रार तरी कशाची करावी? त्याला ते पुढेमागे मुलीच्या बारशाचे फोटो शोधताना कळणार, आणि तोवर आपलं नावही त्याला आठवणार नाही.

अहो, आपली चाचणी घेणाऱ्या काही हौशी लोकांनी महिनोन् महिने आधी कळवलं होतं की फायली जातायत. पण मायक्रोसॉफ्टच्या तक्रारपेटीत तक्रारींना मतं पडायची आणि जास्त मतांची तक्रार वर जायची. या बिचाऱ्यांच्या तक्रारीला मतं पडली नाहीत, अनामत जप्त झाली. आयकॉनचा रंग आवडला नाही आणि डॉक्युमेंट्स नाहीसं झालं, दोन्ही एकाच रांगेत. नुकसान किती गंभीर आहे हे सांगायची सोय नंतर झाली.

आणि फायली गमावलेल्यांना मायक्रोसॉफ्टचा सल्ला काय, तर संगणकाचा वापर कमीत कमी करा. खरं सांगायचं तर सल्ला चुकीचा नव्हता. पुसलेल्या फाइलची जागा मोकळी धरली जाते आणि तिच्यावर नवं काही लिहिलं गेलं की ती सोडवून आणायची आशा संपते. पण ऑक्टोबरचा पहिला आठवडा म्हणजे आपल्याकडे दिवाळी अंकांची पानं लावायचे दिवस. डीटीपीवाल्याला ‘संगणकाला शक्यतो हात लावू नका’ म्हणून तर बघा. आपण न्हाऊनमाखून परत आलात १३ नोव्हेंबरला, तोवर भाऊबीजसुद्धा होऊन गेली होती.

जुनी मढी उकरायला मला हौस नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि लोक आता विंडोज ११वर बिऱ्हाड हलवतायत, म्हणून आपली आठवण. पाटी हलवायचा खेळ तिथेही चालूच आहे. मायक्रोसॉफ्टच्या ढगातल्या कोठाराचा, म्हणजे वनड्राइव्हचा, फोल्डर बॅकअप सुरू झाला की डॉक्युमेंट्सचा पत्ता वनड्राइव्हच्या पोटात जातो. नाव बॅकअप, काम स्थलांतराचं. घाबरून तो बंद करावा तर पुष्कळदा समोर रिकामं डॉक्युमेंट्स आणि फायली वनड्राइव्हच्या फोल्डरात. त्या गेलेल्या नसतात, पण हे कळेपर्यंत माणसाच्या काळजाचं पाणी पाणी होतं. शिवाय तिथली फाइल नको म्हणून पुसली की ढगातलीही जाते. याला दुसरी प्रत म्हणायचं धाडस आपल्याच कुळात आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक डी ड्राइव्हवाला

ता. क. हे वाचकांसाठी. नव्या आवृत्तीवर जाण्याआधी डॉक्युमेंट्सच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन त्याचा खरा पत्ता बघा. मग सीवर आपल्या नावाच्या फोल्डरात शिरा आणि त्याच नावाचं दुसरं काही मागे राहिलंय का तेही बघा. दोन्हीकडचं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. कट करू नका. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावा आणि चार-दोन फायली प्रत्यक्ष उघडून पाहा. मग ती डिस्क कपाटात ठेवा. हे होईपर्यंत अपडेटच्या बटणाला हात लावू नका, कितीही वेळा विचारलं तरी.