पानाची मागची बाजू

घरातल्या कुंड्यांचं कौतुक करणारी मंडळी पानाची वरची बाजू बघतात आणि "काय फोफावलाय हो मनी प्लांट!" म्हणून चहाच्या कपाकडे वळतात. पान उलटून बघणारा पाहुणा विरळा. पानाची वरची बाजू म्हणजे दिवाणखाना. खालची म्हणजे पाहुण्यांची चाहूल लागताच दार ओढून घेतलेली आतली खोली. सगळा पसारा तिथेच असतो.

शेजारच्या काकू थेट आतल्या खोलीत शिरणाऱ्यांपैकी. पण पानाला हात लावण्याआधी त्या मुंग्या बघतात. साखरेच्या डब्याला वळसा घालून मुंग्यांची रांग क्रोटनवर चढत असेल, तर वर कुणीतरी पंगत मांडली आहे हे नक्की. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड ही मंडळी झाडाचा रस पितात आणि न पचलेली साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकतात. मुंग्या त्यावर ताव मारतात आणि बदल्यात यजमानांची राखणही करतात. पान बोटाला चिकटलं, त्यावर काजळीसारखी बुरशी धरली, की चोर पकडायचा बाकी राहतो एवढंच. पानाच्या बेचक्यात कापूस दिसला तर तो पिठ्या.

खवले कीड मात्र पक्की बेरकी. खोडाचाच फोड असल्यासारखी बसून राहते. नखाने खरवडल्यावर टवका निघाला तर कीड. पण म्हणून नेच्यावर नख चालवू नये. त्याच्या पानामागचे तपकिरी ठिपके म्हणजे बीजाणूंचे पुंजके. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी ते जुन्या टूथब्रशने घासून काढले आणि नेच्याची पुढची पिढी बेसिनमध्ये वाहून गेली. "एवढी शिस्तीत ओळ लावून कीड कधी बसते का हो?" काकू हळहळल्या.

पानं फिकट, ठिपकेदार झाली तर खाली पांढरा कागद धरून फांदीला टिचकी मारायची. पडलेले ठिपके चालू लागले तर लाल कोळी असण्याची शक्यता मोठी. धूळ चालत नाही. हा आठ पायांचा प्राणी उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत भराभर वाढतो. कुंडीतून उडणाऱ्या चिलटांचा आळ मात्र उगाच टोपलीतल्या केळ्यांवर येतो. ती सतत ओल्या मातीतली असतात, म्हणजे आपल्याच पाणी घालण्याच्या मायेतून जन्मलेली.

एकदा पिठ्यावर निंबोळी तेल फवारायला मी बाटली उचलली, तर काकूंनी मनगट धरलं. कापसाच्या झिपऱ्यांची एक अळी त्या घोळक्यात फिरत होती. ही ऑस्ट्रेलियाहून आलेल्या एका भुंग्याची पिल्लावळ. कॉफीवरची कीड खाण्यासाठी 1898 साली तो भारतात आणला गेला. त्याची अळी दिसायला हुबेहूब पिठ्या, आणि खाते पिठ्यालाच.

"धावतोय बघा कसा," काकू म्हणाल्या. "पिठ्याला कसली घाई? त्याचं ताट जागेवरच आहे. हा आपला माणूस. जेवू द्या त्याला पोटभर."