बँकेला वीस, विम्याला बारा

"ऐकलंत का काकू? आमच्या भाऊजींनी यंदा दुकानाचा विमा भरायचाच नाही असं ठरवलंय!"

वहिनी टॉवेल पिळता पिळता बोलल्या आणि गडग्यापलीकडे कढीलिंब तोडणाऱ्या काकूंचा हात थांबला. आमच्या तिघींची परडी जिथे एकमेकींना टेकतात तिथला एक चिरा कधीचा निखळलाय. चिपळुणातली बातमी आधी त्या भगदाडातून जाते, मग पेठेत पोचते. काकूंची नोकरी विमा कंपनीत, क्लेमच्या टेबलावर झालेली. म्हणजे वहिनींनी नेमका विषय नेमक्या माणसापुढे काढला होता.

"का म्हणे?"

"म्हणतात, इतकी वर्षं भरतोय, एक पैसा परत आला नाही."

"पूर आला नाही म्हणून कुरकुरणारा चिपळूणकर मी पहिल्यांदाच बघत्ये. २२ जुलै २०२१ विसरला वाटतं तो?"

विसरलेलं इथे कोणीच नाही. वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी पेठेत शिरलं आणि दुकानांचे तळमजले मालासकट गेले. २००५ चा पूर पाहिलेल्या माणसांनाही ते झेपलं नाही. आणि आमच्याकडे पुराची वेळ अशी वाईट, की जुलैत दुकानं श्रावण-गणपतीच्या मालाने भरायला लागलेली असतात.

"पण सरकार देतंच की काहीतरी, असं म्हणतात भाऊजी," वहिनींनी बाजू लावून धरली.

"दिलंन की. दुकानदाराला जास्तीत जास्त पन्नास हजार. त्याच्या दुकानातला एका बाजूचा रंगाचा रॅक तरी भरेल का त्यात?"

भाऊजींचं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान. वहिनींचं शेजारीच साड्या आणि ड्रेस मटेरिअलचं. दोन्ही दुकानांना बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा आहे, म्हणजे माल बँकेकडे तारण. त्यामुळे भाऊजींनी कितीही ठरवलं तरी तारण मालाचा विमा बँक काढायला लावतेच, आणि न काढल्यास स्वतः काढून खात्यातून पैसे वळते करून घेते. हे काकूंनी सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, "मग प्रश्नच मिटला. बँक बघून घेईल."

इथे काकूंनी कढीलिंब खाली ठेवला.

"बँक तिचं कर्ज बघून घेते गो. पॉलिसीवर बँकेचं नाव असतं, क्लेमचे पैसे आधी तिच्याकडे जातात. कर्ज आठ लाखांचं असेल तर तिला आठ लाखांची काळजी. तुझा माल वीस लाखांचा आहे, फर्निचर आहे, कॉम्प्युटर आहे, ही काळजी तुझी. आता मला सांग, दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट देता, त्यात माल किती दाखवता?"

"वीस लाख," वहिनी अभिमानाने म्हणाल्या. "नाहीतर मर्यादा कमी करतात ना."

"आणि विम्याची रक्कम?"

वहिनी टॉवेल झटकू लागल्या. तो आधीच झटकून झाला होता.

"बारा," त्या शेवटी म्हणाल्या. "प्रीमियम कमी बसतो म्हणून यांनी तेवढीच लिहिली."

माझ्या मते अख्ख्या पेठेचा विम्याचा हिशेब या दोन आकड्यांत आलाय. कर्ज मिळवताना आपण वीस लाखांचे व्यापारी, हप्ता भरताना बारा लाखांचे. आणि पाणी ओसरल्यावर सर्व्हेअर येतो तेव्हा पहिल्या काही कागदांतच बँकेचं स्टॉक स्टेटमेंट मागतो.

"मग काय, नुकसान दहा लाखांचं झालं तर दहा मिळणार. बाराच्या आतच आहे की," मी मध्ये बोलले.

"सगळ्यांना असंच वाटतं. माल वीसचा, विमा बाराचा, म्हणजे शंभरातले चाळीस रुपये तू स्वतःच्या जोखमीवर ठेवलेस. तर मग नुकसानीतही चाळीस टक्के तुझेच. दहा लाखांचं नुकसान झालं तर हातात सहा. माझ्या टेबलासमोर माणसं भांडायची, 'मॅडम, बारा लाखांचा विमा आहे, दहा मागतोय, कापताय कशाला?' पंधरा टक्क्यांपर्यंत रक्कम कमी पडली तर नव्या पॉलिसीत कापत नाहीत. त्याच्या पुढे गेलात की कात्री."

ही नवी पॉलिसी म्हणजे भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना एकसारख्या शब्दांत विकायला लावलेली. एका जागेवर इमारत, यंत्रं, फर्निचर, माल सगळं धरून ५ कोटींपर्यंत मालमत्ता असेल तर ही चालते; म्हणजे आपल्या पेठेतलं जवळजवळ प्रत्येक दुकान तिच्यात बसतं. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल हे सगळं तिच्यात आहे. नाव कुठल्याही कंपनीचं असो, मजकूर तोच, हे बरं झालं. आता फक्त दर आणि क्लेमच्या वेळची वागणूक एवढंच तपासायचं राहतं.

"आधी काय होतं माहित्ये?" काकूंना आता रंग चढला होता. "जुन्या आगीच्या पॉलिसीत पूर-वादळ वगळून सूट घेता यायची. पेठेतला एकजण, नाव विचारू नका, जवळच राहतो, त्याने तशी सूट घेतली. वाचले किती, तर दोन वेळच्या मासळीचे पैसे. आणि २०२१ ला पाणी त्याच्या काउंटरच्या वर! कागद घेऊन माझ्याकडे आला. मी काय करू? आगीचा विमा शाबूत होता म्हणा."

नाव विचारू नका म्हटल्यावर वहिनींनी अर्थातच विचारलं. काकूंनी सांगितलं नाही, पण भिवई अशी वर केली की आम्हा दोघींना कळलं.

"आणि तो बेकरीवाला? त्याचं काय झालं होतं?"

"त्याचं वेगळंच. विमा पुरेसा होता, पूरही होता पॉलिसीत. पण गणपतीसाठी मैदा, साखर, तूप मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत भरलंन. पॉलिसीवर पत्ता फक्त दुकानाचा. दुकानातलं मिळालं, खोलीतलं नाही. फ्लोटर घेतला असता तर दोन्ही जागांवरच्या मालाला मिळून एकच रक्कम चालली असती, थोडे जास्त पैसे लागतात एवढंच. आणि तुझा भाऊजी तर थिनरचे डबे घरच्या पडवीत ठेवतो, ते मला दिसत नाहीत असं समजू नकोस."

वहिनी गप्प. थिनरचा वास आम्हालाही येतो.

मग गाडी जीएसटीवर आली. "विम्यावरचा जीएसटी गेला ना आता? टीव्हीवर सांगितलं."

"तो वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून. दुकानाच्या विम्यावर १८ टक्के आहे तसाच आहे. तुमचं नेहमीचं जीएसटी रजिस्ट्रेशन असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, कंपोझिशनमध्ये असाल तर नाही. आणि दुसरं, ते तुमच्या सीएला विचार. पुरात नासलेल्या मालावर आधी घेतलेलं क्रेडिट सरकारला परत करावं लागतं. म्हणजे मालाची रक्कम जीएसटी सोडून लिहिली असेल तर तेवढी खोट खिशातून जाते."

हे मला नवीन होतं, आणि पटलंही. पुरात माल जातो, वर त्याचा कर परत भरा.

चोरीवरून थोडी वादावादी झाली. या पॉलिसीत चोरी येते ती एवढीच, की पूर आल्यावर किंवा आग लागल्यावर पुढच्या सात दिवसांत कोणी माल पळवला तर. एरवीच्या घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि तिथेही कुलूप-शटर फोडल्याच्या खुणा लागतात. गिऱ्हाईक म्हणून येऊन साडी पिशवीत घालणाऱ्या बाईवर कुठलीच घरफोडीची पॉलिसी पैसे देत नाही. वहिनींना हा सरळसरळ अन्याय वाटला. दुकानदारांच्या पॅकेज पॉलिसीत चोरी, गल्ल्यातली रोकड, काच, निऑन बोर्ड असं बरंच एकत्र मिळतं. ज्याच्या दुकानाला साधा रंगवलेला फळा आहे त्यानेही निऑन बोर्डाचे पैसे भरलेले काकूंनी पाहिलेत. तिथे काटछाट करावी, मालाच्या रकमेत करू नये, असं त्यांचं म्हणणं.

"बरं, आणि दुकान महिनाभर बंद राहिलं, त्या धंद्याचं?"

"साध्या पॉलिसीत नाही. आणि मालाचा भाव खरेदीचा धरतात. साडीवरच्या लेबलाचा नाही." काकू हसल्या. "तुझ्या लेबलाचा तर नाहीच नाही!"

वहिनींनी ते मनावर घेतलं नाही. बहुधा साडीच्या लेबलाबद्दल पेठेत जे बोललं जातं ते त्यांना ठाऊक असावं.

पाणी ओसरल्यावर काय करायचं यावर मात्र काकू बराच वेळ बोलल्या, आणि आवाजही बदलला. २०२१ ला लोकांनी चिखल भरलेला माल दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर काढला. दुर्गंधी, रोगराई, नगरपालिकेची घाई, कोणाला दोष देणार. पण सर्व्हेअर येण्याआधी माल फेकला की मोजायला काही उरत नाही. आधी कंपनीला कळवायचं, मग भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट प्रत्येक रॅकचे फोटो, व्हिडिओ, थांबणं शक्य नसेल तर तसं लेखी कळवून मग माल हलवायचा. वह्या, बिलं भिजली म्हणून रडायचं नाही. खरेदीची बिलं जीएसटीच्या पोर्टलवर दिसतात, स्टॉक स्टेटमेंट बँकेत असतं. ज्यांची खरेदी बिनबिलाची, त्यांच्या मालाचा पुरावा मात्र वाशिष्ठी घेऊन जाते.

"आणि कंपनीने उगाच अडवलं तर?" मी विचारलं.

"आधी कंपनीत लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील नको. एकट्याच्या मालकीचं दुकान आणि सूक्ष्म उद्योग तिथे जाऊ शकतात. पन्नास लाखांपर्यंतचा निवाडा देतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. आमच्या ऑफिसात लोकपालांचं पत्र आलं की साहेब चहा अर्धा ठेवून उठायचे."

इतक्यात खुद्द भाऊजी मागच्या दाराने आले, बहुधा स्वतःचं नाव ऐकून. "काय काकू, काय शिकवताय आमच्या वहिनींना?"

"वीस आणि बारातला फरक. विमा भरत नाहीस म्हणे?"

"भरणार हो, बँक सोडते थोडीच. पण घाई काय आहे? पॉलिसी पंधरा जूनला संपते. जुलैत नदी चढायला लागली, भोंगा वाजला की त्याच दिवशी भरून टाकतो. दीड महिन्याचे पैसे तरी वाचतील."

काकूंनी कढीलिंब उचलला. "आयुर्विम्याला असतात तसे वाढीव दिवस दुकानाच्या विम्याला नसतात. सोळा जूनला तू उघडा. आणि पैसे आधी जमा झाल्याशिवाय कंपनीची जोखीम सुरूच होत नाही. १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी. भोंगा वाजल्यावर कुठली कंपनी तुझी पॉलिसी काढायला बसल्ये, तेवढं मला येऊन सांग."