वांगणीहून कोरे परतण्याची कला

खगोल मंडळासारख्या संस्था वांगणीला रात्रभर आकाशदर्शन भरवतात. अमावस्येच्या आसपासची शनिवारची रात्र, कर्जत लोकल, सतरंजी, डबा. अशा रात्री चुकून काहीतरी शिकून बसण्याचा धोका असतो. घाबरू नका. नवशिक्यांनी एवढंच करावं:

१. पोचताच मोबाइल काढा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २०-३० मिनिटं लागतात. मधेमधे व्हॉट्सॲप उघडलंत की ती होतच नाही. कुणी टॉर्चला लाल कागद लावायला सांगेल. हसा.

२. ध्रुवतारा थेट डोक्यावर शोधा आणि सगळ्यांत तेजस्वी तारा तोच, असं ठणकावून सांगा. वांगणीहून तो उत्तर क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो, कारण गावाचा अक्षांशच तेवढा. तेजात तर पहिल्या ४० ताऱ्यांतही त्याचा नंबर नाही. पण ध्रुवबाळाची गोष्ट तुमच्या बाजूने आहे.

३. मंगळ. हा धडा नीट गिरवा. २७ ऑगस्ट २००३ला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता. हजारो वर्षांत इतका जवळ आला नव्हता. ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्ण चंद्राएवढा दिसेल, असं तेव्हा पसरलेल्या मूळ संदेशात होतं. फिरता फिरता त्यातली दुर्बीण गळाली, साल गळालं, चंद्र तेवढा राहिला. तुम्ही तो संदेश दर ऑगस्टला इमानेइतबारे पुढे पाठवा. ऑगस्टात वांगणीला आभाळ दिसायचीच मारामार, त्यामुळे कुणी पडताळून बघेल ही भीती नाही.

४. शनीची कडी दिसली की आधी हात जोडा, मग साडेसातीवर उपाय विचारा. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत अडीच, तीन राशींत साडेसात, असा हिशेब दुर्बिणीपाशी उभी असलेली मुलगी सांगेल. लगेच म्हणा, "म्हणजे तुम्हीपण मानता तर!" ती बिचारी कपाळावर हात मारेल, तुम्ही रांगेतल्या पुढच्याला जागा द्या.

५. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य भुजंगधारी नावाच्या तेराव्याच तारकासमूहात असतो, हे कानावर आलं तर डबा उघडा.

६. सोमवारी लोकलमध्ये कुणी "काय बघितलं?" विचारलं, तर आवाज खाली आणून म्हणा, "नासानेपण मान्य केलंय." काय मान्य केलंय, हे तो विचारेपर्यंत अंबरनाथची गर्दी आत घुसलेली असते.