पार्टी येतेय

आमच्या सोसायटीत एखादा फ्लॅट विकायला निघाला की पहिली खबर आपल्याला लागते, असा एजंट मंडळींचा समज आहे. पहिली खबर माईंना लागते. नवरा-बायकोचं बोलणं नुकतंच ‘विकूया का’ इथवर आलेलं असतं, त्यातल्या ‘का’चं काय करायचं ते ठरायचं असतं, आणि दारात माई उभ्या. पदर खोचलेला, हातात धुण्याच्या सोड्याची पुडी. “सांगितलं नाहीस ते असू दे. ओटा दाखव.”

कोथरूडमधली आमची इमारत ऐंशीच्या दशकातली. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि जिन्याच्या तोंडाशीच माईंची खिडकी. त्यामुळे कुणाकडे फुटपट्टी घेतलेला माणूस गेला, कुणाकडे रंगारी गेला, कुणाचा मुलगा अमेरिकेतून आला आणि येताना किती गंभीर दिसत होता, हे सगळं त्यांना जागच्या जागी कळतं. त्या कमिशन घेत नाहीत. घर विकणारा जे डबे टाकायला काढतो त्यातले झाकण घट्ट बसणारे तेवढे घेतात. माईंकडे आज सोसायटीतून उठून गेलेल्या प्रत्येक कुटुंबाचा एक तरी डबा आहे, आणि डाळी-कडधान्यं त्या कुटुंबाच्या नावानं ओळखली जातात. “अहो, तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांतले मूग संपलेत,” असं त्या अप्पांना ओरडून सांगतात, आणि अप्पांनाही ते बरोबर कळतं.

त्यांचा सिद्धान्त एका वाक्याचा आहे. पार्टी हॉलमध्ये गप्पा मारते, बेडरूममध्ये पलंग कुठे बसेल ते बघते आणि भाव पाडते स्वयंपाकघरात. (गिऱ्हाइकाला ‘पार्टी’ म्हणायचं, हे त्यांनी एजंटांकडून उचललं. एजंटांनी त्यांच्याकडून काही उचललं नाही, याचं त्यांना वाईट वाटतं.) पार्टीतला पुरुष भिंतीवरच्या टाइल्सवर बोटानं टकटक करतो. आतून माल नीट भरलेला नसेल तर टाइल पोकळ वाजते, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. कुठलीही टाइल वाजली की तो अर्थपूर्ण हुं म्हणतो. सून प्लग मोजते. आमच्या बांधकामाच्या काळात बिल्डरनं ओट्यावर एक मिक्सरसाठी आणि एक उदारपणाचा म्हणून असे दोनच पॉइंट दिले, त्यामुळे ती मोजणी लवकर संपते. खरी भीती सासूची. ती काही बोलत नाही. सरळ नळ सोडते, पाण्याची धार बघते, मग वाकून बेसिनखालचं दार उघडते आणि आत नाक घालते.

“त्या नाकासाठी आपण सगळं करतो,” माई म्हणतात.

पहिलं काम उतरवण्याचं. फ्रीजवरची चुंबकं, दुधाच्या खाड्यांचं कालनिर्णय, खिडकीतल्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांची चळत. कालनिर्णय निघालं की भिंतीवर एक पांढरा स्वच्छ चौकोन उरतो आणि बाकीच्या भिंतीचा खरा रंग घरच्यांना त्या दिवशी प्रथम कळतो. मग माळ्यावरची भांडी खाली येतात. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत असल्यानं इथे हमखास भानगड होते. एका घरात पितळेचं एक भलंमोठं पातेलं निघालं. त्यावर नाव, गाव, मुंजीची तारीख, सगळं होतं. फक्त त्या घराशी त्यातल्या कशाचाही संबंध नव्हता. माईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, “हे आमचं.” पुढचा तासभर घर विकण्याचा विषय मागे पडला.

दुसरं काम चिकट्याचं. फोडणीतलं तेल वाफेबरोबर वर जातं, एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर आणि कपाटांच्या माथ्यावर बसतं, हवा लागून वाळतं आणि वर्षानुवर्षांनी त्याचं व्हार्निश होतं. साध्या साबणाला ते जुमानत नाही. त्याला कढत पाण्यात धुण्याचा सोडा, जुना टूथब्रश आणि घरातला मुलगा लागतो. इंजिनियर झालेला मुलगा असेल तर माईंना जास्त आनंद होतो. “घास,” म्हणतात, “ह्या फोडण्यांवरच शिकलास.”

या टप्प्यावर कुणीतरी उत्साही माणूस मोबाइलवर बघून लिंबू आणि व्हिनेगर घेऊन ओट्याकडे येतो. माईंचा आवाज चढतो तो तेव्हा. आमच्याकडचे जुने ओटे काळ्या कडप्प्याचे. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड. त्यावर आंबट पडलं की दगड खातं आणि पांढरे डाग उरतात, ते घासून जात नाहीत. ग्रॅनाइटचं तसं नाही, तो लिंबाला दाद देत नाही. कडप्पा साध्या साबणानं धुवायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मग फडक्यावर दोन थेंब खोबरेल घेऊन पुसायचा. असा पुसलेला ओटा इतका काळा दिसतो की एका पार्टीनं ‘हा ग्रॅनाइट ना?’ असं विचारलं. घरमालक ‘हो’ म्हणणारच होते, तोवर माई म्हणाल्या, “नाही हो, कडप्पा. पण नीट वागवलेला.”

तिसरी गोष्ट त्या कुणालाही करू देत नाहीत. घर बरेच दिवस बंद असलं की बेसिनच्या आणि मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी वाळून जातं. तिथे साठलेलं ते वाटीभर पाणीच गटाराचा वास अडवत असतं. ते आटलं की घर कितीही घासा, सासूचं नाक पहिल्या श्वासात निकाल देतं. म्हणून पार्टी यायच्या आधी माई स्वतः प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओततात. मुद्रा अशी, की बघणाऱ्यानं नकळत हात जोडावेत. त्यानंतर मंद गॅसवर लोणी कढवायला ठेवायचं. सुकट, बोंबील, लसणाची फोडणी त्या दिवशी बंद. साजूक तुपाच्या वासानं माणूस दहा मिनिटं तरी भांडत नाही, असा त्यांचा अनुभव आहे, आणि व्यवहाराचं मुख्य बोलणं त्या दहा मिनिटांत उरकायचं असतं.

इथवर वाचून माई म्हणजे लबाडीचं आगर आहेत असं वाटेल. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनाही तसंच वाटलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला वरच्या गच्चीची ओल होती. त्यांनी त्यावर चटकन पुट्टी मारली, रंग दिला आणि शाबासकीसाठी माईंना बोलावलं. माईंनी भिंतीला हात लावला आणि खाली जाऊन अप्पांना घेऊन आल्या. अप्पा दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झालेत. घरात त्यांना बोलायची संधी मिळत नाही, त्यामुळे मिळाली की ते कलमासकट बोलतात. “मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२. कलम ५५. खरेदीदाराला नेहमीची काळजी घेऊनही दिसणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत असेल, तर तो सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे.” एवढं बोलून ते खाली गेले.

“ऐकलंस?” माई म्हणाल्या. “पसारा लपवायचा, दोष नाही. आणि ओल तर लपवायचीच नाही. पावसाळ्यात ती स्वतः बोलते.”

गृहस्थांनी तोंड वाईट करून पार्टीला ओल दाखवली. पार्टीनं भाव थोडा उतरवला, पण नंतर बाकीच्या भिंतींकडे बघितलंच नाही. इथे ओल नाही म्हणता ना, मग नसेल, म्हणाली आणि त्याच संध्याकाळी टोकन देऊन गेली. गृहस्थ अजूनही भाव उतरल्याचं सांगतात. टोकनाचं माई सांगतात.

पुरुषवर्गाला माईंची धास्ती आहे ती वेगळ्या कारणानं. दुसऱ्या मजल्यावरचं घर विकायचं ठरलं तेव्हा माई ओट्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ट्यूब मागच्या भिंतीवर आहे, उजेड पाठीवर पडतो, चिरणाऱ्याची सावली विळीवर. ओट्यावरच्या कपाटाखाली एक छोटी पट्टी लावून घ्या. इलेक्ट्रिशियन आला, अर्ध्या तासात लावून गेला. बटण दाबलं, ओटा लख्ख उजळला. वहिनी त्या उजेडात उभ्या राहिल्या. गळका नळ वॉशर बदलून बंद झालेला, अडकणारा ड्रॉवर मेण चोळून सरळ केलेला, खिडकीची जाळी नवी.

“बावीस वर्षं मी स्वतःच्या सावलीत भाजी चिरली,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “आणि कोण कुठली पार्टी येणार म्हणून आज दिवा?”

भाऊजी ट्यूबकडे बघत राहिले. ती बिचारी काय बोलणार! विक्री दिवाळीपर्यंत पुढे गेली. कुठल्या दिवाळीपर्यंत, ते वहिनींनी अजून सांगितलेलं नाही. त्या भागातला एजंट तेव्हापासून माईंना नमस्कार करत नाही.

होकायंत्रवाल्या पार्ट्याही माईंनीच हाताळाव्यात. हल्लीची मंडळी मोबाइल तळहातावर धरून स्वयंपाकघरात गोल फिरतात. शेगडी आग्नेयेला हवी. एकदा ती नैर्ऋत्येला निघाली आणि पार्टीचा चेहरा पडला. माई म्हणाल्या, “फ्रीजला चिकटून का उभे आहात? लोखंडाशेजारी होकायंत्र खरं बोलतं का कधी?” गृहस्थ ड्राय बाल्कनीत सरकले. दिशा बदलली. शास्त्र म्हणून माईंचं म्हणणं बरोबरच होतं. दिशा आग्नेय येईपर्यंत त्यांना सरकत ठेवणं, हा भाग शास्त्रात बसतो की नाही, ते अप्पांना विचारायला हवं.

यंदा सोसायटी पुनर्विकासाला गेली. ५१ टक्क्यांची संमती लागते, ती केव्हाच ओलांडली गेली, आणि कार्पेट मोजायला बिल्डरचा माणूस घरोघर येणार अशी नोटीस लागली. माईंच्या घरी पार्टी येण्याची ही पहिलीच वेळ. कालनिर्णय उतरलं. पंख्याची पाती उतरली. मुलगा नसल्यानं ती अप्पांनी घासली. कडप्प्याला खोबरेल लागलं, जाळ्यांत तांब्या ओतला गेला, मंद गॅसवर लोणी चढलं. कुलकर्ण्यांतले मूग आणि देशपांड्यांतली तूरडाळ मांडणीवर उंचीप्रमाणे उभी राहिली.

बिल्डरचा माणूस म्हणजे पंचविशीतला एक पोरगा. दारातूनच त्यानं हातातल्या लेझरचा लाल ठिपका समोरच्या भिंतीवर टाकला, मग बाजूच्या, दोन आकडे लिहिले आणि वळला.

“अरे, आत ये की,” माई म्हणाल्या. “नळ सोडून बघ. बेसिनखालचं दार उघड.”

“काकू, गरज नाही. हे सगळं पाडायचंच आहे.”

“पाडाल रे. पण बघून तर पाडा.”

पोरगा आत आला. त्यानं नळ सोडला, धार बघितली, वाकून बेसिनखाली नाक घातलं. मग कुणीही न सांगता भिंतीवरच्या एका टाइलवर टकटक केली आणि हुं म्हणाला.