पोरगीला कुठं घालायचं?

सकाळची शिफ्ट सुटली की कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या चहाच्या गाड्यांवर दोन विषय असतात. ओव्हरटाइम मिळणार का, आणि पोरं कुठं घालायची. मार्च-एप्रिलात दुसरा विषय पहिल्याला मागं टाकतो. परवा कसबा सांगावच्या रस्त्याला एक जोडपं भेटलं. तो कापडाच्या कारखान्यात मशीनवर, ती दुसरीकडं पॅकिंगला. दोघंही ठेकेदाराकडं. मुलगी डिसेंबरच्या आत तीन वर्षं पूर्ण करते, म्हणजे नर्सरीच्या वयाच्या नियमात बसते. त्याच्या मोबाईलमध्ये तीन शाळांच्या फीचे कागद होते आणि तिच्या तोंडावर रात्रीची झोप न झाल्याची खूण होती.

"सर, तुम्हीच सांगा. पोरगीला कुठं घालायचं?"

मी त्यांना जे उत्तर दिलं तेच इथं देतो. घराजवळच्या अंगणवाडीत घाला. आणि ती दुपारी लवकर सुटते म्हणून भांडा. अंगणवाडीताईशी भांडू नका, त्या बाईच्या हातात काही नाही. गेटच्या आतल्या व्यवस्थापनाशी आणि मुंबईतल्या सरकारशी भांडा.

तिला ते आवडलं नाही. "तिथं काय, खिचडी खायला पाठवायचं का?" असं ती म्हणाली. हे वाक्य मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की आता त्यावर गप्प बसवत नाही.

खिचडीत वाईट काय आहे? तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वर्षातले 300 दिवस ताजा गरम आहार मिळावा, त्यातून रोज 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत, हा अंगणवाडीचा नियम आहे. नर्सरीच्या डब्यात बिस्किटाचा पुडा आणि वेफर्सची पिशवी जाते, ती कुठल्या हिशेबात बसते? पण खरं दुखणं खिचडीचं नाही. अंगणवाडी गरिबांची, असा शिक्का आपण मारून ठेवलाय, आणि गरीब दिसायचं नसतं.

ज्या गोष्टीची लाज वाटते ती कुठून आली ते तरी बघा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पानं, माती हीच शिकवण्याची साधनं. देशानं 1975 च्या 2 ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हाच शब्द लागला. आज बिहारची बाई अंगणवाडी म्हणते, ओडिशाची बाई अंगणवाडी म्हणते. याच एमआयडीसीत पोटासाठी आलेल्या त्या बायकांना आपल्या गावची ओळखीची अशी इथं एकच गोष्ट सापडते, ती म्हणजे अंगणवाडी. आणि कागलच्या माणसाला तिची लाज वाटते.

आता त्या तीन फीच्या कागदांकडं येऊ.

पहिली शाळा हायवेपलीकडं आहे. व्हॅन सकाळी सव्वासातला येते. म्हणजे तीन वर्षांच्या लेकराला साडेसहाला झोपेतून ओढून काढायचं, रडत दूध पाजायचं आणि बारा-पंधरा पोरांच्या मध्ये कोंबून पुणे-बंगळूर महामार्गावर पाठवायचं. त्या रस्त्यावरून कंटेनर कसे जातात ते या भागातल्या माणसाला सांगायला नको. दुसरी शाळा जवळ आहे, पण ती एका बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. भिंतीवर कार्टून आणि आत अंगणच नाही. तिसरीनं तर मुलीची "छोटीशी भेट" ठेवली आहे. मुलाची किंवा पालकांची चाळणी लावली तर पहिल्या वेळी 25 हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50 हजार रुपये दंड, असं शिक्षण हक्क कायद्याचं 13 वं कलम सांगतं. पण तो कायदा सहा ते चौदा वयाचा. तीन वर्षांच्या मुलीला तो नीट हात देत नाही, हे शाळांना पक्कं ठाऊक असतं. मी त्या बापाला सांगितलं, जी शाळा तीन वर्षांच्या पोरीला रंग विचारून पास-नापास करते तिच्या पायरीवर पाऊल ठेवू नका.

"पण इंग्रजी?" तो म्हणाला.

या प्रश्नाला मी हसत नाही. इंग्रजी न आल्यानं सुपरवायझर होता आलं नाही, ही त्याची सल खरी आहे. ड्रॉइंगवरची सूचना वाचता येत नाही म्हणून हुशार माणूस हेल्परच राहिलेला मी पाहिलाय. त्याला मुलीसाठी इंग्रजी हवं, यात त्याचं काही चुकत नाही. चूक वयाची आहे. तीन वर्षांच्या मुलीला शू लागली हे सांगायला आधी परकं वाक्य आठवावं लागत असेल, तर ती चड्डी ओली करेल आणि गप्प बसेल. मग रोज गप्प बसेल. अशी गप्प झालेली पोरं पाचवीपर्यंत दोन्ही भाषांत गप्प राहतात. आधी तिला आजीच्या, शेजारच्या काकूच्या, अंगणवाडीताईच्या मराठीत भरपूर बडबडू द्या. सेमी-इंग्रजी पुढं आहेच.

आणि मराठीतून चांगली शाळा होत नाही असं कोल्हापूरच्या माणसानं तरी म्हणू नये. लीलाताई पाटलांनी 1985 साली कोल्हापूर शहरात सृजन-आनंद विद्यालय काढलं. ते मराठी माध्यमाचं. तिथं मूल प्रश्न विचारतं, बाजारात जातं, हातानं करून बघतं. राज्यभरातून शिक्षक ती शाळा बघायला आले. कागलपासून ती वीसेक किलोमीटरवर आहे आणि आमच्या पालकांना तिचं नावही माहीत नसतं. माहीत असतात ती व्हॅनच्या पाठीवर रंगवलेली नावं.

फीचं पुन्हा वेगळंच. ठेकेदाराकडच्या माणसाला काही महिन्यांनी ब्रेक मिळतो. ब्रेक मिळाला की पगार थांबतो, फी थांबत नाही. दुसऱ्या हप्त्याला उशीर झाला की व्हॅन दारात थांबायची बंद होते आणि पोर वर्षाच्या मध्येच घरी बसतं. मग गावातलीच शाळा शोधायची, तीही अपराध्यासारखी. हे त्या दोघांना मी बोटांवर मोजून दाखवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिच्या नणंदेच्या पोराचं हेच झालं होतं.

तेवढ्यात शेजारच्या बाकड्यावरचा एक सुपरवायझर मध्ये पडला. त्याचा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्यालाही एवढीच मुलगी, आणि त्याच्याही घरी हाच घोर. तिथं चार्टर शाळा असतात म्हणे, सरकारच्या पैशावर चालणाऱ्या, पण चालवणारे खासगी. फी नाही, जागा कमी पडल्या तर सोडत. "आपल्याकडं असलं काही का नाही?"

चांगला प्रश्न आहे. या शाळांचा पहिला कायदा अमेरिकेतल्या मिनेसोटात 1991 साली झाला आणि पुढच्या वर्षी सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. चार्टर म्हणजे करारनामा. तुम्हाला स्वातंत्र्य देतो, पैसा देतो, पण मुलं शिकली नाहीत तर करार संपला. त्या शाळा चांगल्या की वाईट यावर तिथं तीस वर्षं भांडण चालू आहे आणि मला त्यात पडायचं नाही. मला त्यातलं कलम हवं आहे. करार मोडला तर काय, हे तिथं आधीच लिहिलेलं असतं.

आपल्याकडं त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे दत्तक शाळा योजना. 18 सप्टेंबर 2023 चा शासन निर्णय. कंपनीनं किंवा दात्यानं सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची. ग्रामीण भागात पाच वर्षांना 50 लाख, दहा वर्षांना एक कोटी. हवं तर दात्याचं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं. नावाचा हव्यास मला पटत नाही. गावाची शाळा गावाच्या नावानंच असावी. पण त्याहून मोठी अडचण ही की अशी योजना पहिलीपासूनच्या शाळेकडं बघते. तीन ते सहाची मुलं महिला व बालविकास खात्याकडं, सहाच्या पुढची शालेय शिक्षण खात्याकडं. राष्ट्रीय शिक्षण धोरणानं 2020 मध्ये तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा मानला, पण कागलच्या गल्लीत त्या टप्प्याच्या मधोमध अजून दोन खात्यांची भिंत उभी आहे.

कागलला ही भिंत शोभत नाही. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे पुत्र. त्यांनी 1906 साली कोल्हापुरात कापडाची गिरणी सुरू केली आणि 1917 साली संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. गिरणी काढणारा आणि शाळा काढणारा माणूस एकच होता. यंत्र चालवायला माणूस हवा तर त्याचं पोर शिकलं पाहिजे, हे त्यांना वेगवेगळ्या खात्यांत वाटून टाकावंसं वाटलं नाही. त्यांच्या जहागिरीच्या गावाला लागून आज कापड आणि इंजिनं बनवणारे मोठमोठे कारखाने उभे आहेत, आणि त्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्तीतली अंगणवाडी पत्र्याखाली तापते.

याच जिल्ह्यातल्या आजरा तालुक्यातले, बहिरेवाडीचे जे. पी. नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगाच्या 1966 च्या अहवालानं शेजारशाळेची शिफारस केली. एका परिसरातली सगळी मुलं, मालकाची आणि मजुराची, एकाच जवळच्या शाळेत जावीत. ती शिफारस कागदावर राहिली. मॅनेजरची मुलं कोल्हापुरात, ठेकेदाराची हायवेपलीकडं आणि हेल्परची अंगणवाडीत, अशी उतरंड आपण स्वखुशीनं रचली. 2024 च्या फेब्रुवारीत तर सरकारनं नियमच बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळेला शिक्षण हक्क कायद्याखाली गरीब मुलांना 25 टक्के जागा द्यायची गरज नाही, असं ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयानं 19 जुलै 2024 ला तो बदल रद्द केला, हे फार बरं झालं. सहा वर्षांची झाली की या मुलीचा त्या 25 टक्क्यांसाठी अर्ज जरूर भरा, ती कुणाची मेहरबानी नाही.

पण आत्ता ती तीनची आहे. आणि आत्ताची अडचण घड्याळाची आहे. अंगणवाडी दुपारी एक-दोनच्या सुमारास सुटते, शिफ्ट तीन-साडेतीनला. मधल्या वेळात पोर कुणाकडं? ज्या घरात सासू नाही, त्या घरातली आई याच दोन तासांसाठी दूरची महागडी शाळा घेते, कारण तिथं "डे केअर" आहे. शिक्षणासाठी नव्हे, त्या दोन तासांसाठी ती फी भरते. हे कुणी मोठ्यानं बोलत नाही.

हे दोन तास कारखान्यांनी भरून द्यायचे आहेत. 30 हून जास्त महिला कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर, हे कारखाने कायदा कित्येक दशकं सांगत आला. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झालं. आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता येतं. सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आहे. कंत्राटी आईचं मूल या मोजणीत धरता का, एवढा एकच प्रश्न प्रत्येक गेटवर विचारायला हवा. शिवाय कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावलेत. त्यातून वृक्षारोपणाचे फलक पुष्कळ लागले. आता त्यातून अंगणवाडीला दुपारच्या वेळेसाठी दुसरी ताई, एक पंखा, निजायला गाद्या आणि कुंपण द्या. करार करा, लिहून द्या, पाच वर्षांसाठी.

दुसरी ताई म्हणतोय मी. आहे त्याच ताईला तीनपर्यंत थांबवू नका. राज्यातल्या अंगणवाडीताई आणि मदतनीस 4 डिसेंबर 2023 पासून 52 दिवस संपावर बसल्या होत्या. पोलिओ, मतदार यादी, वजनकाटा, मोबाईलमधलं ॲप, सगळं त्याच बाईच्या डोक्यावर, आणि त्याला पगार न म्हणता मानधन म्हणायचं. तिच्याच पदरात आणखी दोन तास टाकले तर ते पाप होईल.

ते जोडपं साप्ताहिक सुट्टीला माझ्याबरोबर त्यांच्या वस्तीतल्या अंगणवाडीत आलं. मुलगी आधी आईच्या पदराआड होती. मग तिला कुणीतरी चिंचोके दिले. ती ते ओळीनं मांडत बसली, एका पोरानं ओळ मोडली, तर त्याच्यावर अस्सल कोल्हापुरीत खेकसली आणि पुन्हा मांडू लागली. आई माझ्याकडं बघून पहिल्यांदा हसली. ताईंना तिनं विचारलं, "नाव कधी घालायचं?"

एक वाजून गेल्यावर मुलं निघाली. ताईंनी पातेलं पालथं घातलं, खिडक्या ओढल्या, कुलूप लावलं. एक मुलगा मात्र ओट्यावरच बसून राहिला, हातात ताटली धरून. त्याची आई पॅकिंगलाच आहे, असं ताई म्हणाल्या. फर्स्ट शिफ्ट. ताई त्याच्याशेजारी ओट्यावर टेकल्या आणि रजिस्टर उघडून बसल्या.