सलग नसलेलं संस्थान

औंध संस्थानाचा नकाशा काढायचा तर कागद मोठा घ्यावा लागतो आणि रंग अगदी थोडा पुरतो. औंध आणि भोवतालची गावं साताऱ्याच्या खटाव भागात. आटपाडी पार पूर्वेला, माणदेशाच्या उन्हात. कुंडल कृष्णाकाठाकडं कललेलं, आणि गुणदाळचा तुकडा तर थेट विजापूरकडं, कानडी मुलखात. मधली जमीन कुठं इंग्रजांची, कुठं पटवर्धनांची. शिंप्यानं कापड बेतून झाल्यावर मशीनखाली चिंध्या पडून राहाव्यात, तशी ही बहात्तर गावं इतिहासाच्या कात्रीखालून निसटून जिथं पडली तिथंच राहिलेली. राजेसाहेबांना राजधानीतून आटपाडीला जायचं असेल, तर आपल्याच राज्यात पोचण्यासाठी आधी आपलं राज्य सोडावं लागे. वाटेत ते कोण असत? दोन कोसांपूर्वी राजे, दोन कोसांनंतर पुन्हा राजे, आणि मधल्या बाभळींपुरते वाटसरू.

हा नकाशा मला अलीकडं फार जवळचा वाटू लागला आहे. एका महाविद्यालयातल्या चर्चासत्रात उत्तर-आधुनिकतेवरचं व्याख्यान ऐकताना तो पहिल्यांदा डोळ्यांपुढं उभा राहिला. वक्ते सांगत होते की ‘स्व’ नावाची अखंड वस्तू आता उरलेली नाही, माणूस विखंडित झालेला आहे, केंद्र हरवलं आहे. सभागृहात माना डोलत होत्या, आणि डोलता डोलता प्रत्येक जण मांडीवरच्या फोनमध्ये आपापल्या एकेका तुकड्याची खबरबात घेत होता. मीही. नातेवाइकांच्या गटात मी आज्ञाधारक पुतण्या, सोसायटीच्या गटात पाण्याच्या टाकीवरून तावातावानं भांडणारा नागरिक, शाळासोबत्यांच्या गटात अजून सातवी ‘ब’. या तिघांची एकमेकांशी ओळख करून द्यायची वेळ आली तर मला घाम फुटेल. आणि बँकेच्या दारात तर या तिघांपैकी कुणालाच पत नाही. मी मीच आहे हे तिथं सहा आकडे सांगतात, तेही काही मिनिटांपुरतंच. मुदत संपली की मी पुन्हा संशयास्पद.

पण हे सगळं नवं आहे, असं मात्र मला म्हणवत नाही, कारण माझे आजोबा आटपाडीचे. त्यांचा जन्म औंध संस्थानातला. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. १९४९ मध्ये साताऱ्याचे तालुके आणि आजूबाजूची विलीन संस्थानं जोडून नवा जिल्हा झाला, त्याचं नाव दक्षिण सातारा. स्वतःचं असं नाव नाही. सातारा कुठं आहे हे ठाऊक असेल तर आम्ही त्याच्या खाली, एवढीच खूण. आजोबांचं लग्न या दक्षिण साताऱ्यात झालं. १९६० मध्ये जिल्ह्याचं नाव सांगली झालं आणि थोरला मुलगा सांगली जिल्ह्यात शाळेला जाऊ लागला. संस्थान, प्रांत, राज्य, जिल्हा, सगळं अंगाखालून सरकत गेलं आणि आजोबांची बाज मात्र त्याच लिंबाखाली. देशोदेशी हिंडूनही ज्यांच्या पारपत्रावर इतके शिक्के नसतात, त्यांच्याहून अधिक सरहद्दी ते एका जागी बसून ओलांडून मोकळे झाले होते. त्यांना कधी ‘अस्मितेचा प्रश्न’ पडल्याचं मी पाहिलं नाही. पत्रावर पत्ता लिहिताना मात्र ते किंचित थांबत, लेखणी वरच्या वर धरून. जणू सरकारनं एवढ्यात आणखी काही बदललं नाही ना, याची खात्री करून घेत.

त्यांचा नातू मात्र गाडीच्या पाटीवर नितांत विसंबून आहे. साताऱ्याला एमएच ११, सांगलीला एमएच १०, कराडकरांना त्यांचा वेगळा एमएच ५०. पुण्याच्या चौकात सिग्नलला शेजारी ‘१०’ दिसली की काहीही कारण नसताना ऊर भरून येतो, आणि त्या माणसानं आपल्याला कट मारला की तोच ऊर जिल्ह्याच्या बाहेर निघून जातो.

या विखुरलेल्या मुलखावर १९०९ पासून राज्य केलं ते भवानराव पंतप्रतिनिधींनी, म्हणजे बाळासाहेबांनी. त्यांचेही तुकडे मोजावेत तितके. ते चित्रकार होते, कीर्तनकार होते, व्यायामाचे प्रचारक होते आणि मग उरल्या वेळात राजेही. औंधच्या डोंगरावर त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याच्या चित्रांच्या सोबतीला हेन्री मूरनं घडवलेली दगडातली आई आणि मूलही आहे. यमाईच्या दर्शनाला आलेलं एखादं कुटुंब त्या मूर्तीपुढं बुचकळ्यात पडून उभं राहतं. आई नवसाची पोर खांद्यावर सावरत त्या गोल, बिनचेहऱ्यागत बाईकडं बघते, आणि मग दोघींचं काहीतरी जुळतं असं मला उगाचच वाटतं. आधुनिक शिल्पकलेवरचे ग्रंथ ज्या गाठीसाठी पानंच्या पानं खर्चतात, ती तिथं चपला हातात धरून, अनवाणी पडते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घ्यावी म्हणून एक लाख रुपयांची देणगी कबूल केली तीही याच राजांनी. काम १९१९ मध्ये सुरू झालं, संपलं १९६६ मध्ये. तोवर राजेही गेले होते आणि राज्यही. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या हस्तलिखितांची जुळणी करायची, शारदा लिपीतला श्लोक मल्याळममधल्या श्लोकाशेजारी ठेवायचा, आणि त्यातल्या त्यात जुना पाठ वर घेऊन बाकीचे सगळे पाठभेद पानाच्या तळाला बारीक टायपात नोंदवायचे. ज्याचं राज्यच ठिगळाठिगळांचं, त्याला विखुरलेल्या पोथ्यांबद्दल माया वाटावी यात नवल नाही. मला मोह पडतो तो त्या तळटिपांचा. एकही पाठ फेकून दिलेला नाही. कुणा लेखनिकानं रात्री पेंगत केलेली चूकसुद्धा तिथं मानानं बसलेली आहे. वर एखादी ओळ असते आणि खाली निम्मं पान भरून इतरांचं म्हणणं. माझ्या गटागटांतल्या त्या तिघांची काही सोय लागली तर अशाच पानावर लागेल, असं मला वाटतं. फक्त वरची ओळ कुठली, हे मला त्या आवृत्तीच्या सुकथनकरांसारख्या जाणत्या संपादकानं सांगायला हवं.

बाळासाहेबांच्या आश्रयाला माणसं आली तीही अशीच, एक ओळख गळून पडलेली आणि दुसरी अजून न चिकटलेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं, पण डोळ्यांना काही रंग नीट उमगत नव्हते, म्हणून ते यंत्रांच्या आरेखनाकडं वळले, मुंबईत शिकवू लागले, मग बेळगावात सायकली विकल्या, नांगर केले. तिथली जागा सोडावी लागली तेव्हा राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ निवडुंगानं आणि सापांनी भरलेला माळ दिला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. दुसरे पंडित सातवळेकर. तेही चित्रकार, हैदराबाद, लाहोर करत औंधला पोचले तोवर कुंचला मागं पडून हातात वेद आलेला. एकानं चित्र सोडून नांगर धरला, दुसऱ्यानं चित्र सोडून ऋचा, आणि दोघांना आसरा देणारा राजा मात्र शेवटपर्यंत चित्रंच काढत राहिला.

या सगळ्यांत मला सर्वांत लोभस वाटतो तो वॉर्सात जन्मलेला पोलिश ज्यू इंजिनिअर, मॉरिस फ्रीडमन. बंगळुरात विजेच्या सामानाचा कारखाना चालवता चालवता त्यानं भगवी वस्त्रं घेतली, रमण महर्षींच्या पायाशी बसला, गांधीजींकडं सूत कातलं, भारतानंद हे नाव घेतलं. राजपुत्र अप्पा पंत त्याला औंधला घेऊन आले. राजांना आपली सत्ता गावपंचायतींच्या हाती द्यायची होती. गांधीजींच्या सल्ल्यानं १९३९ मध्ये औंधचं जे संविधान झालं, त्याच्या घडणीत या भगव्या कफनीतल्या इंजिनिअरचा हात होता. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, बिनभिंतींची कैद्यांची वसाहत, हेही त्याच दिवसांतलं. ज्या राज्यालाच धड सीमा नव्हती, त्यानं तुरुंगालाही भिंत घातली नाही, हे एका अर्थी शिस्तीला धरूनच झालं. माणदेशच्या गदिमांनी त्यावर कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला.

‘मी कोण?’ हा रमण महर्षींचा प्रश्न. त्या प्रश्नाचं ओझं घेऊन फ्रीडमन तिरुवण्णामलैहून माणदेशात आला असणार. आणि मला खात्री आहे, आटपाडीच्या पारावर त्याला पहिल्याच संध्याकाळी दुसरा प्रश्न विचारला गेला असेल: “कुठलं म्हनायचं पाव्हणं?” मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा रंगवून पाहतो. एक उंचेला गोरा गोसावी, समोर तंबाखू मळणारी चार माणसं. वॉर्सा म्हणावं तर कळायचं नाही, बंगळूर म्हणावं तर खरं नाही, ब्रह्म म्हणावं तर चारचौघांत बरं दिसत नाही. बहुधा तो “औंधचा” म्हणाला असेल. आणि पारावरच्यांनी “मग आपलंच की” म्हणून सरकून जागा करून दिली असेल. वेदान्ताला जे साधायला जन्म पुरत नाही, ते आमच्याकडं ढुंगणभर जागेत उरकतं. पुढं हाच माणूस मुंबईत खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांकडं गेला. महाराज मूळ विडीच्या दुकानाचे मालक, बोलणं सगळं मराठीतून. ती मराठी निरूपणं त्यानं इंग्रजीत आणली आणि १९७३ मध्ये ‘आय अ‍ॅम दॅट’ हे पुस्तक झालं. जगभरची आत्मशोधात हिंडणारी माणसं आज ते पिशवीत घालून फिरतात. त्या पुस्तकाच्या मागं कुठंतरी माणदेशी तंबाखूचा वास असावा, असा माझा पक्षपाती ग्रह आहे.

तुकड्यांचे फायदेही होते, हे सांगायला हवं. बेचाळीसनंतर नाना पाटलांचं प्रतिसरकार सातारा जिल्ह्यात उभं राहिलं तेव्हा कुंडल हा त्याचा एक बळकट तळ होता. इंग्रजी हद्दीतला भूमिगत कार्यकर्ता ओढा ओलांडून संस्थानी हद्दीत आला की पाठलागावरच्या पोलिसाला सरळ घुसता येत नसे. नकाशावर वेडीवाकडी दिसणारी ती रेघ त्या रात्री कुणाचा तरी जीव राखत होती. जी माणसं पूर्ण सलग असतात, एका रंगाची, एका मताची, त्यांच्यात अशी लपायला जागा कुठं असते?

मग हे संस्थान एकत्र कशानं राहत होतं? रस्त्यानं नाही, भाषेनं तर नाहीच. आजोबांकडं याचं उत्तर होतं, पण ते त्यांनी कधी शब्दांत सांगितलं नाही. बाळासाहेबांनी संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. स्वतः ते रोज घालत, त्यावर पुस्तकं लिहीत, परदेशी पाहुण्यांनाही सोडत नसत. आजोबा लहानपणी त्या सक्तीला वैतागलेले असत. थंडीत उघड्या अंगानं पटांगणात उभं राहायचं आणि मास्तर मात्र उपरणं गुंडाळून मोजायला. पण अंग विसरत नाही. म्हातारपणी साष्टांग जमेना, तेव्हाही ते उगवतीला बाजेच्या कडेला उभे राहत, हात जोडत, जमेल तितकं वाकत आणि उरलेला नमस्कार मनात घालत. त्या पोरवयातल्या सकाळी औंधला, कुंडलला, आटपाडीला, तिकडं कानडी बोलणाऱ्या गुणदाळला, एकमेकांना कधीही न भेटलेली पोरं कुडकुडत, मनातल्या मनात राजाला शिव्या देत, एकाच दिशेला तोंड करून उभी असत. नकाशा सलग नव्हता, पण सकाळ सलग होती. मी आजोबांना एकदा विचारलं, “नमस्कार घालून तुम्हाला काय मिळालं?” ते म्हणाले, “पूर्व कुठली ते कळतं.” आणि चहा मागितला.

मध्यंतरी हे सगळे तुकडे एका दमात पाहावेत अशी हौस आली, म्हणून औंध पाहून झाल्यावर स्टँडवर चौकशी केली, इथून आटपाडीला थेट गाडी आहे का. खिडकीतल्या कंट्रोलरनं रजिस्टरवरून मान वर केली नाही. “थेट? थेट कोन जातंय आटपाडीला? वडूजवरनं जावा, न्हाईतर विट्यावरनं जावा.” मग काय वाटलं कुणास ठाऊक, चष्मा कपाळावर सारून त्यानं मला नीट न्याहाळलं.

“कुठलं पाव्हणं तुमी?”

“आटपाडीचा,” मी म्हणालो. तोंडातून तेच आलं. माझा जन्म पुण्याचा, आधारकार्ड पुण्याचं, सोसायटीतल्या टाकीचं भांडणही पुण्याचंच.

“आटपाडीचं म्हनताय, आन् आटपाडीची वाट मला इचारताय व्हय?” रांगेतल्या दोघा-तिघांनी हसून माझ्याकडं पाहिलं. तो पुन्हा रजिस्टरात शिरला आणि तिथूनच पेन बाहेरच्या दिशेला करत म्हणाला, “वडूजची लागलीय बगा. पळा, सुटंल.”